आयएसए कार्ड सापडत नाही, किंवा लावलं की मशीनच उठत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

ही तपासणी आयएसए स्लॉट, म्हणजे जुन्या पीसीत जादा कार्डं बसवायच्या खाचा, असलेल्या मशीनसाठी आहे: आयबीएम पीसी आणि एक्सटी, एटी, २८६, ३८६, ४८६ आणि सुरुवातीची पेंटियम. कार्ड साउंडचं असो, नेटवर्कचं, डिस्क कंट्रोलर किंवा मल्टी-आयओ (बरेच पोर्ट एकत्र असलेलं), बिघाडाचे प्रकार फिरून फिरून तेच असतात. ‘मेलेलं’ म्हणून बाजूला ठेवलेली बरीच कार्डं मेलेली नसतात. कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात, जंपर (सेटिंग ठरवणारी, पिनांवर बसवायची छोटी टोपी) दुसऱ्या कार्डाशी भांडत असतो, नाहीतर एक टँटलम कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. आयसी जळणं त्यानंतर येतं. तरीही सोल्डरिंग आयर्न आधी तापतो आणि मल्टीमीटर नंतर बाहेर येतो, आणि कार्डं खरी मरतात ती तिथेच.

लक्षणं

आपलं लक्षण कोणतं ते आधी ठरवा. तपासणी कुठून सुरू करायची ते त्यावरच ठरतं.

पहिलं: कार्ड लावून स्विच दाबला की एसएमपीएसचा, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायचा, पंखा एक झटका देऊन थांबतो, कार्ड काढलं की सगळं ठीक. कार्डावर कुठली तरी व्होल्टेज लाइन ग्राउंडला शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा स्विच दाबून बघू नका, थेट मल्टीमीटरच्या भागाकडे जा.

दुसरं: पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी राहते. कधी बीप येतात. एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे आयबीएम आणि अवॉर्ड बायोसमध्ये (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) डिस्प्ले कार्डाची तक्रार, एएमआय बायोसमध्ये तीच तक्रार आठ बीपची. बीपसुद्धा नसेल, तर एखादं कार्ड बसची, म्हणजे सगळ्या स्लॉटना जोडणाऱ्या समाईक जोडणीची, लाइन दाबून धरत असण्याची शक्यता मोठी.

तिसरं: मशीन नीट सुरू होतं, पण कार्ड कोणालाच दिसत नाही.

चौथं: कार्ड सापडतं, पण अर्धवट चालतं. गेममध्ये संगीत वाजतं पण बंदुकीचा आवाज येत नाही, किंवा आवाजाचा एकच तुकडा अडकल्यासारखा वाजत राहतो. नेटवर्क कार्डाचा पत्ता वाचता येतो पण पॅकेट जात नाहीत. सिरियल पोर्ट दिसतो पण माउस हलत नाही.

पाचवं: थंड मशीनवर चालतं आणि वीसेक मिनिटांनी गंडतं. किंवा बरोबर उलट.

हात लावण्याआधी

भिंतीतली पिन काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. एटी प्रकारच्या कॅबिनेटमध्ये समोरच्या पॉवर स्विचपर्यंत २३० व्होल्टची वायर आलेली असते. तिथल्या टोकांवरची प्लास्टिकची टोपी निघालेली असेल, तर आधी ती बसवा आणि मग पुढे.

कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, जंपर स्पष्ट दिसतील असे. जंपर कुठे होते हे नंतर कोणालाच आठवत नाही, आणि कार्डाचं मॅन्युअल मिळेलच असं नाही. अंगावरची स्थिर वीज घालवायला कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. हिवाळ्यात, कोरड्या हवेत हे टाळू नका.

मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर, टेबलावर ठेवून तपासत असाल तर कार्डाची दिशा दोनदा बघा. पत्र्याचा ब्रॅकेट मशीनच्या मागच्या बाजूला, म्हणजे कीबोर्डचं सॉकेट ज्या कडेला आहे तिकडे हवा. कॅबिनेट नसलं की ८ बिटचं कार्ड उलटंही बसतं. मग स्लॉटमधले १२ व्होल्ट कार्डाच्या एका अ‍ॅड्रेस लाइनवर जातात, आणि तिथून पुढची तपासणी वेगळीच होते.

फुकटातली तपासणी: काढा, पुसा, पुन्हा बसवा

कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवा, आणि ब्रॅकेटचा स्क्रू न लावता मशीन सुरू करून बघा. स्वस्त क्लोन कॅबिनेटमध्ये मागचा पत्रा अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे असतो. स्क्रू आवळला की ब्रॅकेट खाली ओढला जातो आणि कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून वर उचललं जातं. १६ बिटच्या कार्डाचा छोटा जोड त्या टोकाला असतो, त्यामुळे ८ बिटचं काम चालतं आणि १६ बिटचं बंद पडतं. स्क्रूशिवाय चालून स्क्रू लावल्यावर बंद पडत असेल, तर ब्रॅकेट किंचित वाकवा किंवा त्याच्या स्क्रूखाली पातळ वॉशर घाला. कार्डात काही बिघडलेलं नाही.

मग सफाई. सोनेरी कॉन्टॅक्ट असलेली कड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. काडी काळी येत राहील तोवर नवी घ्या. कोकणपट्टीत आणि मुंबईत चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या कार्डाच्या कडेला हिरवट थर असतो. तो अल्कोहोलने निघाला नाही, तर पेन्सिलचा मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने, एकाच दिशेने, दोन-तीनदा फिरवा आणि पुन्हा अल्कोहोलने पुसा. शाई खोडायचा खरखरीत रबर आणि पॉलिश पेपर वापरू नका. सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो. तो गेला की खालचं राखाडी निकेल दिसतं, त्याखाली तांबं. तांबं उघडं पडलेला कॉन्टॅक्ट आज चालेल आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काळा पडेल.

स्लॉट लोक विसरतात. जाडसर पुठ्ठ्याच्या पट्टीवर अल्कोहोलमध्ये ओलं केलेलं सुती कापड गुंडाळा आणि स्लॉटमध्ये आठ-दहा वेळा खालीवर करा. टॉर्च घेऊन आत वाकून बघा. एखादी पिन दबून मागे गेलेली असते, कधी तळाशी झुरळाची अंडी असतात. गंज घालवायचा तेलकट स्प्रे स्लॉटमध्ये मारू नका, तेल राहतं आणि धूळ धरून बसतं.

कार्डावर सॉकेटमध्ये बसवलेल्या आयसी असतील, तर प्रत्येकीवर अंगठ्याने हलका दाब द्या. तापून-थंड होऊन त्या वर सरकत येतात. दाबताना ‘कट्’ आवाज आला तर ती आयसी सरकलेली होती. पाय काळे पडले असतील तर ती काढून पाय पुसा आणि परत बसवा. बसवताना खाचेची दिशा बघा आणि एखादा पाय पोटाखाली दुमडला नाही ना, तेही.

बिघाड कार्डात की मशीनमध्ये?

बोर्डावर फक्त डिस्प्ले कार्ड ठेवा, बाकी सगळी कार्डं काढा. एवढ्यावर मशीन बायोसची अक्षरं दाखवत नसेल, तर संशयित कार्डाला दोष देऊ नका. दाखवत असेल तर संशयित कार्ड एकटं लावा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. मूळ आयबीएम एक्सटीमध्ये एसएमपीएसच्या सगळ्यात जवळचा आठवा स्लॉट इतरांसारखा नाही, त्याला कार्डाकडून एक वेगळा सिग्नल लागतो. बरीच साधी कार्डं तिथे चालतच नाहीत.

३८६ आणि ४८६ बोर्डांवर कीबोर्ड सॉकेटजवळ निळी, पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असायची. ती पाझरते, आणि पाझर जवळचे ट्रॅक आणि स्लॉटच्या पिना खात जातो. एकच स्लॉट चालत नाही आणि तो बॅटरीच्या बाजूचा आहे, तर आधी तिथे बघा. बॅटरी कापून काढा. पाझर अल्कलीचा असतो, म्हणून त्या जागी थोडं पांढरं व्हिनेगर लावा, फसफसणं थांबलं की पाण्याने पुसा आणि शेवटी अल्कोहोलने. त्या जागी लिथियमचा बटण सेल लावायचा असेल, तर चार्जिंग रोखायला मालिकेत एक डायोड घालणं सक्तीचं आहे. बोर्डाचं सर्किट सेल चार्ज करायला जातं आणि लिथियम सेलला ते सोसत नाही.

बॅटरी मेली म्हणून बायोसच्या सेटिंग उडाल्या असतील, तर एटी बस क्लॉकची सेटिंग बघा. आयएसए बस ८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालायला हवी. ३३ मेगाहर्ट्झच्या मशीनवर ४ने भागलं की ८.२५ येतात, छान. ४० मेगाहर्ट्झच्या ३८६वर मात्र ४ने भागलं तर १० होतात आणि जुनं कार्ड अधूनमधून गंडतं. तिथे ५ने भागायचं. काही बायोस दुप्पट वेगाच्या घड्याळापासून मोजतात, तिथे तोच भागाकार १०चा दिसेल. ‘एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर नाही’ या तक्रारीचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं.

पत्ते, आयआरक्यू, डीएमए

तिसऱ्या आणि चौथ्या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, आणि इथे पैसे लागत नाहीत, डोकं लागतं. पत्ता म्हणजे प्रोसेसर ज्या क्रमांकावर कार्डाशी बोलतो तो, आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन, डीएमए म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी डेटाची ने-आण करायची वाट. आयएसएमध्ये एक आयआरक्यू दोन कार्डांनी वाटून घ्यायची सोय धड नाही. दोन कार्डांचा पत्ता एक झाला तर दोघंही डेटा लाइनवर एकदम बोलतात आणि वाचणाऱ्याला कचरा मिळतो.

कागदावर मांडून घ्या. पत्ते हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे १६ च्या मोजणीत आहेत. पहिला सिरियल पोर्ट ३एफ८ आणि आयआरक्यू ४, दुसरा २एफ८ आणि आयआरक्यू ३. प्रिंटर ३७८ आणि आयआरक्यू ७. फ्लॉपी आयआरक्यू ६ आणि डीएमए २. एटीपासून पुढे हार्ड डिस्क आयआरक्यू १४, एक्सटीच्या हार्ड डिस्क कंट्रोलरला मात्र ५. साउंड ब्लास्टर २२०, आयआरक्यू ५ किंवा ७, डीएमए १, आणि १६ बिटच्या साउंड ब्लास्टरला वर डीएमए ५. एफएम संगीत ३८८. मिडी ३३०. एनई२००० प्रकारचं नेटवर्क कार्ड ३०० ते ३१एफ आणि मूळ सेटिंगवर आयआरक्यू ३.

भांडणं या यादीतच दिसतात. नेटवर्क कार्ड आयआरक्यू ३वर असेल तर दुसरा सिरियल पोर्ट बंद करा किंवा कार्ड १० वर न्या, कार्ड १६ बिटचं असेल तर. स्कझी (डिस्क जोडायची एक पद्धत) कंट्रोलर ३३०वर असेल तर साउंड कार्डाचं मिडी ३००वर न्या, पण मग तिथे नेटवर्क कार्ड आहे का ते बघा. साउंड कार्ड ७वर असेल तर प्रिंटर पोर्टशी गाठ आहे. मल्टी-आयओ कार्डावर न वापरलेला गेम पोर्ट आणि साउंड कार्डावरचा गेम पोर्ट दोन्ही २०१वर असतात, एक बंद करा.

साउंड कार्डाचं लक्षण स्वतःच बोलतं. एफएम संगीताला आयआरक्यू लागत नाही आणि डीएमएही लागत नाही. म्हणून संगीत वाजतं पण रेकॉर्ड केलेले आवाज येत नाहीत, तर कार्डाचे कॉन्टॅक्ट, एफएमचा पत्ता आणि स्पीकरपर्यंतचा रस्ता ठीक आहे, गडबड आयआरक्यू, डीएमए किंवा मूळ पत्त्याची. आवाजाचा एक तुकडा फिरून फिरून वाजतो, तर आयआरक्यू पोचत नाही. ऑटोएक्सेकमधली (डॉस सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलमधली) ब्लास्टरची ओळ कार्डाच्या जंपरशी जुळते का ते तपासा. ए२२० आय५ डी१ एच५ अशी ओळ असेल आणि जंपर ७वर, तर गेम चुकीच्या दारात उभा आहे. १९९२ च्या पहिल्या साउंड ब्लास्टर १६ मध्ये पत्ता जंपरने ठरतो, पण आयआरक्यू आणि डीएमए सॉफ्टवेअरने. जंपर शोधत बसू नका, कार्डाबरोबरचा डायग्नोज प्रोग्राम चालवा.

कार्डावर जंपरच नसतील तर ते बहुधा प्लग अँड प्लेचं. ते ३८६वर लावलं तर कोणी सेटिंग सांगेपर्यंत गप्प बसतं, कारण त्या बायोसला प्लग अँड प्ले माहीतच नाही. ही सेटिंग सांगायला क्रिएटिव्हच्या कार्डांना सीटीसीएम, इतर बऱ्याच साउंड कार्डांना युनिसाउंड हा प्रोग्राम चालतो. याला बिघाड म्हणून कित्येकांनी कार्ड विकून टाकलंय.

आता डॉसमध्ये असलेल्या डीबग या प्रोग्रामने थेट विचारा. मशीन एफ५ दाबून, म्हणजे कॉन्फिग आणि ऑटोएक्सेक टाळून सुरू करा. ही सोय एमएस-डॉस ६ पासून आहे, त्याआधीच्या डॉसला साधी बूट फ्लॉपी घ्या. डीबग सुरू करून ‘आय ३८८’ (म्हणजे i 388) टाइप करा. एफएफ आलं तर त्या पत्त्यावर कोणी उत्तर देत नाही. ०६ आलं तर जुनी ओपीएल२ चिप, ०० आलं तर ओपीएल३. मग साउंड ब्लास्टरसाठी ‘ओ २२६ १’, ‘ओ २२६ ०’ आणि ‘आय २२ए’. एए हे उत्तर आलं तर कार्डाचा डीएसपी (आवाज सांभाळणारी चिप) जिवंत आहे, पत्ता बरोबर आहे, डेटा लाइन ठीक आहे. एफएफ आलं तर पत्ता २४० आहे का ते त्याच रीतीने बघा. एए ऐवजी त्याच्याशी एका-दोन बिटांनी वेगळं काही आलं, जसं एबी किंवा २ए, तर डेटा लाइनपैकी एकीचा कॉन्टॅक्ट किंवा बफर (बस आणि कार्डाच्या मधली आयसी) गेला आहे. सफाईकडे परत जा.

स्वतःचा रॉम असलेल्या कार्डासाठी, म्हणजे स्कझी, जुना हार्ड डिस्क कंट्रोलर, एक्सटी-आयडीई यांसाठी ‘डी सी८००:०’ टाइप करा. पहिले दोन बाइट ५५ एए हवेत. सी८०० ला नसेल तर सीसी००, डी००० आणि डी८०० बघा. सगळीकडे एफएफ दिसलं, तर रॉम जंपरने बंद केलेला आहे, सॉकेटमध्ये नीट बसलेला नाही, किंवा कोरा झाला आहे. ५५ एए दिसतं पण कार्ड चालत नाही, तर ईएमएम३८६ (डॉसचा मेमरी सांभाळणारा प्रोग्राम) त्या जागेवर स्वतःची मेमरी टाकत असेल. कॉन्फिगमधल्या त्याच्या ओळीत एक्स=सी८००-सीबीएफएफ घाला, म्हणजे ती १६ किलोबाइटची जागा सोडली जाते. एफ५ने सुरू केल्यावर चालतं आणि एरवी नाही, तर दोष तिथेच आहे.

मल्टीमीटर: शॉर्ट आहे का?

पहिल्या लक्षणाची माणसं इथून सुरू करतील. कार्ड मशीनबाहेर, टेबलावर.

आयएसए कार्डाची आयसी असलेली बाजू ए आणि सोल्डरची बाजू बी. मोजणी ब्रॅकेटच्या टोकापासून. बी बाजूला १, १० आणि ३१ हे ग्राउंड, ३ आणि २९ हे +५ व्होल्ट, ५ला −५, ७ला −१२, ९ला +१२. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, बीपच्या रेंजवर नको. कित्येक मीटर ३०-५० ओहमलाही बीप देतात आणि कपॅसिटर भरतानाही क्षणभर वाजतात, म्हणून ठीक कार्डही शॉर्ट वाटतं. एक टोक ग्राउंडवर आणि दुसरं ३, ५, ७, ९वर आळीपाळीने लावा. +५ वर दहा-वीस ओहमपासून शेकड्यांपर्यंत काहीही दिसू शकतं, आकडा चढत जातो. ±१२ वर बहुधा त्याहून बराच जास्त. कुठेही दोन-तीन ओहमच्या खाली आकडा अडकून राहिला, तर तो शॉर्ट.

±१२ वर शॉर्ट म्हणजे जवळपास नेहमीच टँटलम कपॅसिटर: पिवळा किंवा नारिंगी, थेंबाच्या आकाराचा, बहुधा १० मायक्रोफॅरडचा. १२ व्होल्टच्या लाइनवर तेव्हा सर्रास १६ व्होल्टचे टँटलम घातले गेले. टँटलमला एवढी कमी गुंजाइश पुरत नाही, आणि बिघडताना तो उघडा पडण्याऐवजी शॉर्ट होतो. एसएमपीएसला शॉर्ट कळला तर तो बंद पडतो. नाही कळला तर टँटलम फटाक्यासारखा पेटतो. म्हणून वर्षानुवर्षं बंद असलेलं कार्ड प्रथम सुरू करताना चेहरा वर नेऊन बघू नका, चष्मा घाला.

एकाच लाइनवर चार टँटलम असतील तर शॉर्ट कोणता? करंट मर्यादा असलेला पॉवर सप्लाय असेल तर १ व्होल्ट, १ अँपिअरवर ठेवून त्या लाइनला द्या, ध्रुव बरोबर धरून. प्रत्येक कपॅसिटरवर अल्कोहोलचा एक थेंब. जिथला आधी उडतो तो तुमचा. सप्लाय नसेल तर ब्रॅकेटजवळच्यापासून एकेकाचा एक पाय उचला आणि दर वेळी मोजा.

बदलायला १० मायक्रोफॅरड आणि २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. टँटलमच मिळाला पाहिजे असं नाही, या जागी १०५ अंशाचा साधा इलेक्ट्रोलिटिकही चालतो. ध्रुव मात्र नीट बघा. टँटलमवरची खूण प्लसची असते, अ‍ॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी मायनसची. आणि −१२ व −५ च्या लाइनवर कपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला जातो. नेमका तिथेच उलटा बसवला जातो. जुना काढण्याआधीचा फोटो इथे उपयोगी पडतो.

एक शॉर्ट झाला असेल तर ±१२ वरचे बाकीचेही त्याच वेळी बदला. +५ वरचे राहू दिले तरी चालतात, तिथे १६ व्होल्टचा कपॅसिटर निवांत असतो.

शॉर्ट नसेल तर मशीन सुरू करून रिकाम्या स्लॉटवर व्होल्टेज मोजा. टोक घसरून शेजारच्या दोन पिना जोडल्या जाऊ नयेत, म्हणून एसएमपीएसच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने मोजणं जास्त सुरक्षित. +५ साठी ४.७५ ते ५.२५, +१२ साठी ११.४ ते १२.६, −१२ साठी १०.८ ते १३.२ चालतं. एटी एसएमपीएसचे दोन कनेक्टर लावताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींशेजारी यायला हव्यात. उलट लावले तर बोर्ड जातो.

−१२ नसेल तर चौथ्या लक्षणातला तो माउस: सिरियल पोर्टची चिप +५ वर चालते म्हणून पोर्ट सापडतो, पण बाहेर सिग्नल पाठवणाऱ्या १४८८ आयसीला ±१२ लागतात. जुन्या बोर्डाला नवा एटीएक्स एसएमपीएस अ‍ॅडॅप्टरने जोडला असेल, तर −५ मिळतच नाही, नंतरच्या एटीएक्समधून ती लाइन काढून टाकली आहे. काही जुन्या साउंड कार्डांना ती लागते. कार्ड चांगलं, एसएमपीएस चांगला, आणि तरी आवाज नाही.

बसच्या बफरची परीक्षा

इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल तरच पुढे. मीटर डायोडच्या रेंजवर घ्या. लाल टोक ग्राउंडवर, काळं टोक कार्डाच्या ए बाजूच्या २ ते ९ या डेटा लाइनवर एकेक करून. आठही आकडे एकमेकांच्या जवळ, साधारण ०.५ ते ०.७ च्या दरम्यान हवेत. सात ०.५८ आणि एक ०.१२ किंवा उघडा, तर त्या लाइनवर दोष आहे: तुटलेला ट्रॅक, किंवा डेटा बफर, जो बहुधा ७४एलएस२४५ असतो. मग १२ ते ३१ या अ‍ॅड्रेस लाइन तशाच बघा. तिथे ज्या लाइन कार्ड वापरतच नाही त्या उघड्या दिसतील, तो दोष नव्हे. ए१० सुद्धा मोजा. ती लाइन कार्डाने खाली धरून ठेवली तर प्रोसेसर वाट बघत थांबतो आणि स्क्रीन काळीच राहते. एक्सटीवर ‘पॅरिटी चेक २’ दिसलं, तर ए१ खाली धरणारं कार्ड शोधा, बहुधा मेमरीचं.

उघडी लाइन दिसली तर आयसी काढण्याआधी कडेपासून आयसीच्या पायापर्यंत सलगता मोजा. ट्रॅक तुटलेला असेल तर पातळ वायरचा तुकडा पुरतो. २४५ बदलायचाच असेल तर तो अख्खा काढायच्या भानगडीत पडू नका. पाय कापा, एकेक पाय ३३० अंशांच्या आसपास तापवून काढा, भोकं मोकळी करा, सॉकेट लावा, त्यात नवी आयसी. अख्खी आयसी ओढताना तिच्या पायाबरोबर भोकातलं तांबं बाहेर येतं.

तापल्यावर गंडणारं कार्ड असेल तर केस वाळवायचा ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून एकेका भागावर धरा. गंडलं की अल्कोहोलचा बोळा एकेका आयसीवर ठेवून थंड करा. ज्या आयसीवर ठेवल्यावर पुन्हा चालतं, तिचे सोल्डर जोड भिंगाखाली बघा. जॅक, कनेक्टर आणि क्रिस्टल यांचे जोड आधी. ताण तिथे येतो. भोवती गोल चीर दिसली तर नवं सोल्डर द्या.

इथे थांबा

एसएमपीएसचं झाकण उघडू नका. आतल्या मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि पिन काढल्यावरही काही काळ टिकतात. सीआरटी मॉनिटरलाही तेच. दोन्ही कामं रोज करणाऱ्याकडे द्या.

कार्डावर नाव खरवडलेली किंवा फक्त नंबर छापलेली पाल-गाल (आत प्रोग्राम भरलेली लॉजिक) चिप असेल आणि दोष तिच्यात दिसत असेल, तर बाजारात तशी मिळणार नाही, कारण आतला मजकूर त्या कार्डापुरता असतो. मोठ्या चौकोनी मुख्य चिपबद्दलही हेच. हॉट एअर आणि लॉजिक अ‍ॅनालायझर असलेल्या माणसाशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. साधं मल्टी-आयओ कार्ड असेल तर दुसरं घ्या, दुरुस्ती परवडत नाही.

ज्या एमएफएम (फार जुन्या पद्धतीच्या) हार्ड डिस्कवरचा डेटा हवा आहे, तिच्या कंट्रोलरवर प्रयोग करू नका, आणि ‘दुसरा लावून बघू’ हे तर नकोच. त्या डिस्कचं फॉरमॅट कंट्रोलरच्या पद्धतीनुसार झालेलं असतं, वेगळ्या बनावटीच्या कंट्रोलरला ते वाचता येत नाही, आणि मग घाबरून कोणीतरी फॉरमॅट करतं. जुन्या सीएनसी मशीनमध्ये किंवा प्रयोगशाळेच्या उपकरणात बसलेल्या कार्डाचंही तसंच. तिथे फक्त सफाई आणि मोजणी करा.

दुर्मिळ कार्डाला, उदाहरणार्थ पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाला, ज्याने डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली, सोल्डरिंग आयर्न लावण्याआधी त्यावरचे सॉकेटमधले रॉम प्रोग्रॅमरवर वाचून फाइल जपून ठेवा. काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉमवरचं स्टिकर निघालं असेल तर लगेच झाका, अतिनील प्रकाशाने तो पुसला जातो. वाचलेली फाइल ५५ एए ने सुरू होत असेल, तर तिसरा बाइट ५१२ बाइटचे किती तुकडे ते सांगतो. तेवढ्या सगळ्या बाइटची बेरीज २५६ने भागून बाकी शून्य यायला हवी. तशी आली नाही तर आणखी दोनदा वाचा. दर वेळी वेगळी फाइल आली तर रॉम विसरू लागला आहे किंवा त्याचे पाय मळलेत.

कार्ड दुरुस्तीला देताना सोबत द्या: जंपरचा मूळ फोटो, कोणत्या मशीनवर आणि कोणत्या बस क्लॉकला तपासलं ते, बी ३, ५, ७, ९ चे ओहमचे आकडे, डीबगने दिलेली उत्तरं, आणि कोणता कपॅसिटर आधीच बदलला आहे ते. ‘चालत नाही’ एवढंच सांगून दिलेल्या कार्डावर तो माणूसही पुसण्यापासूनच सुरुवात करेल आणि त्याचे पैसे लावेल.